कपाळावरचं गोंदण ते जीनची कात्री : सिकलसेलची शंभर वर्षं

आजचा इतिहास राजा-महाराजांचा नाही, एका अक्षराचा आहे. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. एक अक्षर चुकलं की अख्खी सिस्टिम कशी आडवी होते, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं. माणसाच्या रक्तातही असंच एक अक्षर आहे. त्यातून होणाऱ्या आजाराचं नाव सिकलसेल. ते अक्षर सापडायला किती वर्षं लागली, सापडल्यावर लोकांनी त्याचं काय केलं आणि इलाज मिळायला इतका उशीर का झाला, हे आज बघू.

आधी थोडं बेसिक. आपली लाल पेशी गोल आणि लवचिक असते, बारीकशा रक्तवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते. सिकलसेलमध्ये पेशीने ऑक्सिजन सोडला की आतलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी वाहिनीत अडकतात, पुढे रक्त पोचत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १०-२० दिवसांतच संपते. म्हणून रक्त कायम कमी.

१९०४ साली वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण दंतवैद्यकी शिकायला शिकागोला आला. आजारी पडून दवाखान्यात दाखल झाला. तिथला शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स याने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तर लांबट, वाकड्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यावर लेख लिहिला. त्या लेखात नोएलचं नाव नव्हतं. तो शिक्षण पुरं करून घरी परतला, दाताचा दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, फुप्फुसाच्या आजाराने गेला.

म्हणून आजार १९१० मध्ये ‘सापडला’ असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण पश्चिम आफ्रिकेतल्या आयांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. घानाचे डॉक्टर फेलिक्स कोनोटे-अहुलू यांनी दाखवलं, की तिथल्या भाषांमध्ये या दुखण्याला आधीपासून नावं होती. स्वतःच्या घराण्यात तर त्यांनी त्याचा माग १६७० पर्यंत काढला. सूक्ष्मदर्शक नव्हता, पण कुठल्या घरात हे दुखणं उतरतं हे लोकांना कळत होतं.

आता १९४९. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. आजाराचं मूळ थेट एका रेणूत दाखवण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी जेम्स नील यांनी वारशाचं गणित मांडलं. १९५६ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये नेमकी जागा गाठली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलीन आहे. डीएनएच्या भाषेत ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’. बस, एवढंच.

मग इतकी वाईट चूक हजारो वर्षं टिकली कशी? १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून उत्तर दिलं : मलेरिया. ज्यांना हा जीन फक्त आईकडून किंवा फक्त बापाकडून मिळतो, त्यांना आजार होत नाही, उलट गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं. आमच्याकडे गमतीने म्हणतात, ‘हा बग नाही, फीचर आहे.’ इथे ते अक्षरशः खरं आहे, आणि त्याची किंमत दोन्हीकडून जीन मिळालेलं मूल मोजतं.

भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा जीन आढळला. आपल्याकडे तो नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात जास्त दिसतो. आदिवासी समाजात प्रमाण मोठं आहे, पण फक्त तिथेच आहे असं मुळीच नाही.

आता या गोष्टीतलं सगळ्यात काळं पान. १९६८ मध्ये याच पॉलिंग यांनी, दोन नोबेल मिळवलेल्या माणसाने, लिहिलं की हा जीन असलेल्या तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू मुलांचं दुःख टाळण्याचा होता. तरी कपाळावर गोंदण! ते झालं नाही, पण १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या काही राज्यांनी कृष्णवर्णीयांवर तपासणीची सक्ती केली. समुपदेशन धड नाही, इलाज तर नाहीच. निरोगी वाहकांनाही आजारी समजून नोकरी आणि विमा नाकारला गेला. त्यांच्या हवाई दलाच्या अकादमीची दारं वाहकांसाठी १९८१ मध्ये उघडली.

इलाजाचा धागा मात्र फार आधी हाती लागला होता. १९४८ मध्ये ब्रुकलिनमध्ये डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं, की सिकलसेल असलेल्या तान्ह्या बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत. कारण पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद पडतं आणि मोठ्यांचं सुरू होतं. ते बंद करणारं बटण कुठलं, हे २००८ च्या सुमारास स्पष्ट झालं. त्या जीनचं नाव बीसीएल-इलेव्हन-ए. २०१२ मध्ये डाउडना आणि शार्पेंटिए यांची क्रिस्पर कात्री आली. मग शास्त्रज्ञांनी चुकलेल्या अक्षराला हातच लावला नाही. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढल्या, त्यातलं हे बटण कापलं आणि बाळपणाचं हिमोग्लोबिन पुन्हा चालू केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग तसाच ठेवून जुना, चालणारा कोड परत सुरू केला.

२०१९ मध्ये मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे यांना अमेरिकेत पहिल्यांदा हा उपचार मिळाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने ‘कॅसजेवी’ला मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. शिवाय आधी कडक केमोथेरपी, दवाखान्यात मोठा मुक्काम आणि मूल होण्याच्या क्षमतेला धोका. इनग्रॅमपासून इथवर ६७ वर्षं.

भारतात जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने स्वतःची क्रिस्पर पद्धत विकसित केली. २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ या नावाने ती जाहीर झाली आणि त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. बिरसा मुंडांचं नाव दिलंय, तर ती मुंडांच्या पाड्यापर्यंत पोचली पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा. तोवर हायड्रॉक्सीयुरिया नावाची साधी, स्वस्त गोळी आहे. तीही बाळपणाचं हिमोग्लोबिन वाढवते. ती वेळेवर मिळाली तरी पुष्कळ वेदना टळतात.

आणि आता आपलं काम. तपासणीनंतर हातात कार्ड येतं. ते कार्ड माहिती ठरेल की गोंदण, हे सरकार नाही, आपण ठरवणार. गणित सोपं आहे. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. जोडीदाराच्या रक्तात असा दोष नसेल, तर मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही. म्हणजे ‘वाहक आहे’ एवढ्यावरून एखाद्या मुलीचं स्थळ मोडणं हे विज्ञान नव्हे, निव्वळ अडाणीपणा आहे. आणि हो, जीन देण्यात आईबापांचा वाटा सारखाच असतो, त्यामुळे फक्त सुनेकडे बोट दाखवू नका.

विदर्भातून, खानदेशातून ऐकत असाल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा रक्त तपासून घ्या. बोटाच्या एका थेंबाने सुरुवात होते. लग्नाळू मित्रांनाही पाठवा. आणि कोणी वाहक निघालाच, तर त्याला सांगा, ‘तू आजारी नाहीस.’ नोएलचं नाव लिहायचं राहून गेलं होतं. निदान आपल्या माणसांना आपण नावाने ओळखू, अहवालाने नको.

भेटू पुढच्या भागात.