एक्स्पोच्या पासपोर्टचं कूळ

दुबईच्या एक्स्पोत, म्हणजे जागतिक प्रदर्शनात, २० दिरहमला एक पिवळं पुस्तक मिळायचं. ५० पानांचं, हुबेहूब पासपोर्टसारखं. ज्या देशाचं दालन पाहाल त्याचा शिक्का त्यात मारून घ्यायचा. कुटुंबकबिल्यात एकाने सगळ्यांची पुस्तकं घेऊन रांगेत उभं राहिलं तरी भागतं. एकटा आलेला मात्र आपलं पुस्तक जिवापाड जपतो. बरोबर कुणी नसलं, की आपण तिथे गेलो होतो याला साक्षीदार कोण?

हे पुस्तक १९६७ सालच्या माँट्रियलच्या एक्स्पोतून पुढे आलं, इथवर फारसा वाद नाही. सेंट लॉरेन्स नदीतल्या बेटांवर ६२ देश जमले होते आणि प्रवेशाच्या तिकिटालाच 'पासपोर्ट' म्हणत. पूर्ण हंगामाचा घेतला तर आत धारकाचा फोटो, पुढे दालनांच्या शिक्क्यांसाठी पानं. वाद सुरू होतो तो या पासपोर्टच्या आईबापांवरून.

पहिला दावा यात्रेचा. नर्मदा परिक्रमेला निघालेला माणूस वहीवर गावोगावचे शिक्के घेतो, जपानात शिकोकूच्या ८८ मंदिरांची वही असते, स्पेनमध्ये सांतियागोच्या वाटेवरही तेच. ऐकायला गोड आहे, पण मला पटत नाही. यात्रेला ठरलेली वाट असते आणि शिक्क्यांवरून ती पुरी झाली की नाही ते कळतं. एक्स्पोत कुणीही कुठूनही शिरतो. आणि मुख्य म्हणजे त्या फोटोचं काय करायचं? वहीवरून यात्रेकरूचा चेहरा पडताळून पाहावा, अशी देवाला कधी गरज पडली नाही.

दुसरा दावा सरळ आहे: खऱ्या पासपोर्टची नक्कल. इथेच मला गंमत सापडली. ब्रिटनने पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला तो पहिल्या महायुद्धात. प्रदर्शनाच्या पासवर तो त्याच्या कितीतरी आधी आला होता.

लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात हंगामी तिकीट पुरुषांना ३ गिनी, बायकांना २. ते दुसऱ्याला द्यायला बंदी. (त्याच प्रदर्शनासाठी मेरी कॅलिनॅक नावाची, ऐंशी ओलांडलेली कोळीण कॉर्नवॉलमधून पायी लंडनला आली. ती थेट लॉर्ड मेयरपुढे जाऊन उभी राहिली, म्हणून आज तिचं नाव आपल्याला ठाऊक. साक्षीदार निवडावा तर असा.) पण नुसत्या नावाच्या तिकिटावर भलताच माणूस आत शिरला, तर दारावरचा शिपाई काय करणार?

यावरचा तोडगा १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात निघाला. तिथे माल मांडणाऱ्यांना आणि कामगारांना स्वतःचा फोटो लावलेला पास बाळगावा लागे. कल्पना विल्यम नॉटमन या छायाचित्रकाराची. मूळचा स्कॉटलंडचा, पण दुकान थाटलं होतं कुठे? माँट्रियलमध्ये!

माझ्या मते कुळाचा धागा हाच. प्रतिपक्षाकडे मार्सेयचा लुई दोदेरो आहे. पासपोर्टवर चेहरा छापावा, असं त्याने १८५१ मध्येच सुचवलं होतं. पण सुचवणं वेगळं आणि हजारो लोकांना दारात अडवून 'पास दाखवा' म्हणणं वेगळं. नॉटमनने ते करून दाखवलं. शिवाय त्याच्या फोटोंचा प्रचंड संग्रह १९५६ साली माँट्रियलच्याच मॅकगिल विद्यापीठाकडे आला, म्हणजे एक्स्पोच्या अवघी ११ वर्षं आधी. गावात त्या फोटोंचा गाजावाजा झाला असणार, आणि एक्स्पोच्या तिकिटाची आखणी करणाऱ्यांपैकी कुणीतरी तो पास पाहिलाच असणार. कागदोपत्री पुरावा मागू नका. मी त्या बाजूने पैज लावायला तयार आहे.

उरला शिक्का. तो यात्रेवाल्यांना खुशाल द्यावा असं एकदा मनात आलं होतं, पण त्याचीही गरज नाही. तिकिटाला पासपोर्ट म्हटलं, दालनाला देश म्हटलं, की सीमेवरच्या टेबलावरचा शिक्का पाठोपाठ येणारच. पाहुण्याला चेव चढवणारी ही युक्ती दालनवाल्यांनाही सोयीची होती, कारण शिक्क्याच्या लोभाने एरवी ओस पडणाऱ्या छोट्या देशांच्या दालनांतही माणसं वळतात.

दुबईच्या पुस्तकात धारकाच्या फोटोला जागा होती, प्रत्येक प्रतीला वेगळा क्रमांक होता, पानापानांत जलचिन्हं होती. बनावट पुस्तक करणाऱ्याला अटकाव करण्याची एवढी सगळी तयारी, आणि दारातून आत सोडायला लागायचं ते वेगळं तिकीट.