राजाविना पत्ते : मार्सेय, १९४०-४१

मार्सेय हे बंदर मराठी वाचकाला 'मार्सेलिस' या नावाने ठाऊक आहे, ते १९१० सालच्या सावरकरांच्या उडीमुळे. त्यानंतर तीस वर्षांनी याच बंदरात सुटकेची वाट पाहणाऱ्यांची गर्दी झाली होती. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि जर्मनी मागेल त्या जर्मन निर्वासितांना तिच्या स्वाधीन करण्याचे बंधन शस्त्रसंधीच्या एकोणिसाव्या कलमाने फ्रान्सवर आले. लेखक, चित्रकार, राजकीय कार्यकर्ते व्हिसासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागले. त्यांना बाहेर काढण्यासाठी व्हेरियन फ्राय हा अमेरिकन पत्रकार ऑगस्टमध्ये तेथे आला. शहराच्या कडेला असलेल्या 'व्हिला एर-बेल' या घरात फ्रायचे सहकारी आणि काही निर्वासित एकत्र राहू लागले. अतिवास्तववादाचे प्रवर्तक आन्द्रे ब्रतों आणि त्यांच्या पत्नी, चित्रकार जाकलीन लांबा, त्यांत होते. त्या हिवाळ्यात या दोघांनी आणि त्यांच्या सहा चित्रकार मित्रांनी मिळून पत्त्यांचा एक नवा कॅट रचला. 'मार्सेयचा खेळ' या नावाने तो ओळखला जातो.

या घटनेकडे बहुधा कंटाळा घालवण्याचा उद्योग म्हणून पाहिले जाते. आम्हांला तसे वाटत नाही. सामूहिक खेळ हा अतिवास्तववाद्यांच्या लेखनपद्धतीचाच भाग होता. कागदाची घडी घालून, आधीच्याने काय लिहिले हे न पाहता पुढचा शब्द लिहायचा, हा त्यांचा खेळ १९२५ च्या सुमाराचा. शिवाय पत्त्यांत झालेले बदल मोठ्या लष्करी पराभवांशी निगडित असतात, अशी ब्रतों यांची मांडणी होती. पराभूत देशात बसून पत्ते बदलणे हे त्यांच्या लेखी इतिहासावरील भाष्य होते.

बदल काय केला? इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ही चारही चिन्हे गेली. त्यांच्या जागी प्रेमाची ज्वाला, स्वप्नाचा काळा तारा, क्रांतीचे रक्ताळलेले चाक आणि ज्ञानाचे कुलूप आले. राजाऐवजी प्रतिभावंत, राणीऐवजी जलपरी आणि गुलामाऐवजी मांत्रिक. आठ जण, एकूण सोळा चित्रे, प्रत्येकाच्या वाट्याला दोन. माक्स अर्न्स्ट यांनी मेक्सिकोचा बंडखोर पांचो व्हिया काढला, ऑस्कर दोमिंगेझ यांनी फ्रॉइड, विफ्रेदो लाम यांनी लोत्रेआमों आणि ॲलिस, झाक एरोल्द यांनी साद. व्हिक्टर ब्राउनर यांच्याकडे हेगेल होता, आन्द्रे मासों यांच्याकडे नोव्हालिस, लांबा यांच्याकडे बोदलेर आणि खुद्द ब्रतों यांच्याकडे पॅरासेल्सस. जोकर म्हणून आल्फ्रेद जारी याने रेखाटलेला त्याचाच उब्यू राजा घेतला. कॅटमधला एकमेव राजा विदूषकाच्या जागी बसला.

साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही पूर्वसूरींची यादी आहे, आणि ती कोणत्या क्षणी केली गेली हे महत्त्वाचे आहे. तेव्हाची व्हिशी राजवट काम, कुटुंब आणि मातृभूमीचा जप करीत होती. तिच्या सेन्सॉरने ब्रतों यांची 'फाता मोर्गाना' ही कविता अडवली होती. डिसेंबर १९४० मध्ये पेतें यांच्या मार्सेय-भेटीच्या वेळी फ्राय, ब्रतों आदींना काही दिवस एका जहाजावर डांबून ठेवले गेले. अशा वेळी या आठ जणांनी मातृभूमी नसलेला कॅट रचला. चार मांत्रिकांपैकी तिघे – नोव्हालिस, फ्रॉइड, पॅरासेल्सस – जर्मन भाषेत लिहिणारे, आणि प्रतिभावंतांत हेगेल. ज्या राज्याच्या भीतीने घर सोडले, त्या राज्याच्या हवाली त्याची भाषा करायची नाही, असा हा निर्णय आम्हांला दिसतो. त्यातही फ्रॉइडचे ग्रंथ नाझींनी १९३३ मध्ये जाळले होते आणि तो १९३९ मध्ये लंडनला परागंदा अवस्थेत वारला होता.

राजा उतरवण्याचा फ्रान्समधला हा पहिला प्रयत्न नव्हता. १७९३ मध्ये जोम आणि द्यूगूर यांनी प्रजासत्ताकाचे पत्ते काढले. त्यांत राजांच्या जागी विविध 'प्रतिभा' आल्या, राण्यांच्या जागी स्वातंत्र्ये, गुलामांच्या जागी समता. नेपोलियनच्या साम्राज्यात राजे-राण्या परतल्या. आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफांत याहून वेगळी वाट दिसते. मोगल गंजिफाचे आठ गट आणि शहाण्णव पाने. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा गट आणि एकशेवीस पाने. तेथे अवतारच राजाच्या पानावर बसला आणि त्याच्या शेजारी प्रधान राहिला. देव आला, पण सिंहासन हलले नाही.

मार्सेयमध्ये सिंहासन हलले का? नियम जुनेच होते. हा कॅट पिसून नेहमीचे डाव मांडता यावेत अशीच रचना होती. प्रतिभावंत जलपरीला मारतो आणि जलपरी मांत्रिकाला, ही उतरंड शाबूत राहिली. मराठीत तिसऱ्या पानाला आपण सरळ 'गुलाम' म्हणतो. त्याला मांत्रिक म्हटल्याने त्याचा मान वाढला, क्रम तोच राहिला. चार जलपऱ्या पाहाव्यात. ॲलिस आणि स्तांदालची लामिएल या कादंबऱ्यांतल्या. १६६९ च्या प्रेमपत्रांतली पोर्तुगीज जोगीण हीदेखील गियराग या पुरुषाची निर्मिती, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. खरीखुरी हयात असलेली एकच : जिनिव्हाची एलेन स्मिथ. संमोहनावस्थेत ती मंगळाची भाषा बोले, पूर्वजन्मी आपण हिंदू राजकन्या होतो असे सांगे, आणि तिचे 'संस्कृत' तपासायला साक्षात सोस्यूरला पाचारण झाले होते. तीही आली ती टोपणनावाने. आठही पुरुष इतिहासातले, स्त्रिया मात्र जवळजवळ सर्व कल्पनेतल्या. राजेशाही जितक्या सहजपणे गेली, तितक्या सहजपणे ही दृष्टी गेली नाही.

तरीही नियम जुने ठेवण्यात एक शहाणपण होते. नियम बदलले असते तर हा खेळ आठ जणांपुरताच उरला असता. जुन्या नियमांमुळे रस्त्यावरचा कोणताही माणूस हातात लोत्रेआमों धरून डाव खेळू शकला असता. प्रत्यक्षात तसे लगेच घडले नाही. मार्च १९४१ मध्ये ब्रतों, लांबा आणि लाम जहाजाने निघाले. मासों आणि अर्न्स्टही पुढे अमेरिकेत पोहोचले. ब्राउनर आणि एरोल्द हे रुमानियातून आलेले ज्यू चित्रकार फ्रान्समध्येच लपून राहिले आणि वाचले. पाने १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हीव्हीव्ही' या नियतकालिकात छापली गेली; खेळता येईल असा कॅट ग्रिमो या पत्ते बनवणाऱ्या कंपनीने १९८३ मध्ये काढला. मूळ चित्रे आज मार्सेयच्या कांतिनी संग्रहालयात आहेत.

आठ जणांपैकी कोणालाच डावाचे नियम बदलण्याची सत्ता नव्हती, ना पत्त्यांच्या ना बंदरावरच्या. हातात कोणती पाने असावीत, एवढेच त्यांना ठरवता आले, आणि तेवढे त्यांनी एकत्र बसून ठरवले.