एका ॲपवर ८०, दुसऱ्यावर ४२: हवेचा आकडा वाचताना मोल कसा वापरायचा?

मी भोसरीत राहतो, ऑफिस चाकणला. बाबांना दमा आहे, त्यामुळे ते सकाळी फिरायला निघण्याआधी मी फोनवर हवा बघतो. एकदा रोजचं ॲप चालेना म्हणून दुसरं उघडलं. नायट्रोजन डायऑक्साइड ४२! आदल्या दिवशी ८० होता. "निम्म्यावर आलंय, जा बिनधास्त," म्हणालो. संध्याकाळी कळलं, हवा होती तशीच होती, एकक बदललं होतं.

पहिलं ॲप मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर दाखवत होतं, म्हणजे वजन. दुसरं पीपीबी, म्हणजे हवेच्या एक अब्ज रेणूंमागे त्या वायूचे किती रेणू. एक तराजू, दुसरी मोजणी.

दोघांना जोडतो तो मोल. केळी डझनावर मिळतात. वेलची केळ्यांचा डझन हलका, साध्या केळ्यांचा जड, पण नग बाराच. मोल हा रेणूंचा डझन समजा, फक्त नग साधारण ६ वर २३ शून्यं. नायट्रोजन डायऑक्साइडचा एक मोल ४६ ग्रॅम, सल्फर डायऑक्साइडचा ६४.

ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये मांडलं, की तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानात कुठल्याही वायूचे रेणू सारखेच. २५ अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीच्या दाबाला एका मोलला २४.४५ लिटर जागा लागते. म्हणून:

पीपीबी = मायक्रोग्रॅम × २४.४५ ÷ रेणुभार

८० × २४.४५ ÷ ४६ = ४२.५. सापडला माझा घोळ! (आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहोत, दाब कमी. इथे एक मोल २६ लिटरच्या आसपास जागा घेतो, त्यामुळे थोडा फरक पडेल.)

आता गंमत बघा. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत या दोन्ही वायूंची २४ तासांची मर्यादा ८० मायक्रोग्रॅमच आहे. पण सल्फर डायऑक्साइडचे ८० म्हणजे ३०.६ पीपीबी. वजन तेवढंच, रेणू मात्र जवळपास तीन दशांशाने कमी. अर्थात जास्त रेणू म्हणजे जास्त घातक असं नाही. प्रत्येक वायूचा त्रास वेगळा.

पीएम २.५ ला हे सूत्र लावू नका. ती धूळ, धूर, काजळी अशी सरमिसळ, तिला एक रेणुभार नाही. ती वजनातच मोजतात.