आठव्या बिटाचा प्रश्न

असेंब्लीत लिहिलेलं स्ट्रिंग (म्हणजे मजकुराची ओळ) हाताळणारं रूटीन म्हणजे निव्वळ यंत्राचा वेग, भाषेशी त्याचं देणंघेणं नाही, असं सरसकट मानलं जातं. मराठी संगणकावर आली तो इतिहास पाहिला की हे पटत नाही. वेगासाठी केलेल्या बहुतेक युक्त्यांमध्ये मजकूर कसा असेल याचा अंदाज धरलेला असतो, आणि तो अंदाज इंग्रजीवरून बांधलेला होता. १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरमध्ये तसं नव्हतं. त्याची स्कॅसबी ही सूचना रेपएनई उपसर्ग लावून चालवली की मजकुराचा शेवट दाखवणारा शून्य बाइट सापडेपर्यंत ती एकेक बाइट शून्याशी ताडत जाई. बाइटमध्ये कुठल्या लिपीचं अक्षर आहे याच्याशी तिला कर्तव्य नसे. पण एकेक बाइट तपासणं महाग पडतं. म्हणून चार बाइट एकदम उचलायचे, प्रत्येकातून एक वजा करायचा आणि कुठे सर्वांत वरचा, म्हणजे आठवा बिट १ झाला का ते बघायचं, ही युक्ती रुळली. शून्यातून एक वजा केला की तो बिट १ होतो. आस्की या इंग्रजीच्या संकेतसारणीची सगळी चिन्हं १२७ च्या आत असल्यामुळे इंग्रजी अक्षराच्या बाबतीत तसं होत नाही. खूण पक्की करायची तर तो बिट मुळातच १ नव्हता ना, ही आणखी एक तपासणी लागते. अ‍ॅलन मायक्रॉफ्ट यांच्या १९८७ च्या सूत्रात ती होती. ग्नू सी लायब्ररीतल्या, स्ट्रिंगची लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनच्या सी आवृत्तीत मात्र ती बराच काळ गाळलेली होती. संशय आला की चारही बाइट सुटे तपासायचे, एवढीच सोय होती.

आता पुण्याकडे बघू. तिथल्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेची स्थापना १९८८ ची. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं जिस्ट या भारतीय लिपींच्या तंत्रज्ञानाचं काम इथे वाढलं, आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिपींचं संकेतन भारतीय मानक १३१९४ म्हणून ठरलं. त्यात खालच्या १२८ जागा आस्कीच्या, भारतीय लिपी वरच्या जागांत. ‘मराठी’ हा शब्द घ्या: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी असे पाच बाइट, आणि पाचांचाही आठवा बिट १. वरच्या युक्तीला यातला प्रत्येक बाइट संशयित. वर्डस्टार हा लेखनाचा प्रोग्राम तर दस्तऐवजात शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरी. इस्कीला तिथे जागाच नव्हती. जिस्टची थोरवी मला इथे दिसते. अक्षराचं रूप, जोडाक्षर, वेलांटीची जागा हे सारं संगणकात बसवलेल्या जिस्ट कार्डाने सांभाळायचं आणि प्रोग्रामच्या हाती साधी बाइटची ओळ द्यायची. त्यामुळे डॉसवरच्या, इंग्रजीसाठी घासूनपुसून लिहिलेल्या प्रोग्रामांमध्ये मराठी चालली, आणि लिपी एकच असल्याने रायपूरच्या हिंदी-छत्तीसगढीलाही तीच वाट खुली झाली.

यावर कुणी म्हणेल, मराठी मजकुरावरही स्ट्रलेनचं उत्तर तर बरोबरच येत होतं, वाया गेला तो फक्त क्षणाचा अंश. उत्तर बरोबर येत होतं हे मान्य. पण ते रूटीन लिहिलंच गेलं त्या अंशासाठी. इंग्रजीसाठी तो मोलाचा असेल तर मराठीसाठी क्षुल्लक कसा? दुसरा आक्षेप असा, की लिहिणाऱ्याला देवनागरी कुठून ठाऊक असणार? देवनागरी नसेल, पण आठवा बिट वापरणारी लॅटिन-१ ही युरोपीय सारणी १९८७ पासून मानक होती. फ्रेंच शब्दात असं अक्षर अधूनमधून येतं, म्हणून तोटा जाणवत नसे. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ‘मराठी’ झाला पंधरा बाइटचा, आणि सलग चार बाइट कुठूनही उचला, संशय ठरलेला.

गाळलेली तपासणी ग्नूमध्ये पुढे आली. खरा निकाल लावला तो पेंटियम ४ बरोबर २००० मध्ये आलेल्या एसएसई-२ सूचनांनी: सोळा बाइट एकदम घेऊन प्रत्येक थेट शून्याशी ताडायचा. आठव्या बिटाचा प्रश्नच मिटला. अंतर उरलं ते साठवणीचं. नवा रायपूरच्या मंत्रालयातली हिंदी टिपणी असो की मुंबईतली मराठी, त्या सोळा बाइटांत इंग्रजीची सोळा अक्षरं मावतात आणि देवनागरीची पाच चिन्हं.