पहाटे अडीचचा बॅकअप

माहीमचा जुना इतिहास आपल्यापर्यंत पोचला तो नकलांच्या जिवावर. महिकावतीच्या बखरीतला सर्वांत जुना भाग शके १३७०चा, म्हणजे इसवी सन १४४८चा. पुढच्या पिढ्यांनी त्यात भर घातली आणि १९२४ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ती छापून प्रसिद्ध केली. बखरीतली महिकावती म्हणजे पालघरजवळचे केळवे-माहीमच, असे अनेक अभ्यासक मानतात. मधली पावणेपाचशे वर्षे कोणी ना कोणी ती उतरवून घेतली, म्हणून ती उरली.

हाताने उतरवण्यात एक खोट होती : कोणाला तरी आठवण व्हावी लागे आणि सवडही मिळावी लागे. संगणक आले तरी ती खोट तशीच राहिली. मोठ्या यंत्रांवरची माहिती चुंबकीय फितींवर घेत आणि त्या फिती पाळीपाळीने वापरत. रोजची फीत ‘मुलगा’, आठवड्याची ‘बाप’, महिन्याची ‘आजोबा’ अशी त्यांची नावे. पण फीत चढवायला माणूसच लागे.

१९६९ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समध्ये केन टॉमसन आणि डेनिस रिची युनिक्स या संगणक प्रणालीची पायाभरणी करत होते. पुढच्या दशकात याच घराण्यात ठरल्या वेळी काम सुरू करणारा ‘क्रॉन’ हा कार्यक्रम जन्मला आणि आठवण ठेवण्याचे काम घड्याळाकडे गेले. बॅकअपच्या कुळकथेतला सर्वांत मोठा शोध हाच.

क्रॉनला द्यायची ओळ पाहण्याजोगी आहे. पाच रकाने : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ‘३० २ * * *’ असे लिहून पुढे करायच्या कामाची आज्ञा दिली की झाले. तारा म्हणजे ‘कोणताही’. कोणतीही तारीख, कोणताही महिना, कोणताही वार. पहाटे अडीच वाजले की काम सुरू. वेळ रात्रीची, कारण तेव्हा यंत्र मोकळे असते आणि फायली कोणी उघडून बसलेले नसते. १९८७ मध्ये पॉल विक्सी यांनी लिहिलेला क्रॉन पुढे लिनक्सवर सर्वदूर पसरला. घरच्या राउटरला जोडलेल्या अनेक ‘नॅस’ म्हणजे फायली साठवणाऱ्या पेट्यांतही, रंगीत बटणांच्या आड, याच वंशातला कार्यक्रम काम करतो.

नक्कल दुसऱ्या यंत्रावर नेण्याची वाटही टप्प्याटप्प्याने झाली. १९८४ मध्ये दुसऱ्या यंत्रावरच्या फायली नेटवर्कवरून वापरू देणारे सन कंपनीचे एनएफएस आले. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी सांबाची सुरुवात केली; त्यामुळे युनिक्सच्या डिस्कवर विंडोजवाल्यांनाही फायली ठेवता आल्या. १९९६ मध्ये त्यांनीच पॉल मॅकेरास यांच्यासह आरसिंक आणले. दोन्ही टोकांना ते चालत असेल, तर मोठ्या फायलीतला बदललेला भागच तारेवरून जातो. २००७ मध्ये ॲपलच्या टाइम मशीनने दर तासाच्या बॅकअपची सवय सामान्य घरांत नेली.

पावसाळ्यात वीज जाणाऱ्या माहीम-बोईसरसारख्या भागात मात्र साधा क्रॉन फसतो. अडीचला यंत्र बंद असेल तर ती पाळी हुकते आणि क्रॉन ती भरून काढत नाही. त्यासाठी ‘ॲनाक्रॉन’ निघाला : यंत्र सुरू झाले की राहिलेले काम तो करून घेतो. लिहिता लिहिता वीज गेली तर नक्कलच बिघडू शकते, म्हणून पेटीला छोटा यूपीएस हवाच.

घड्याळावर भिस्त ठेवून निर्धास्त बसणेही महागात पडते. १९९८ मध्ये पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओत चुकीच्या आज्ञेने ‘टॉय स्टोरी २’चा बराचसा भाग पुसला गेला, तेव्हा तिथला बॅकअप नीट चालत नसल्याचे उघड झाले. चित्रपट वाचला तो त्यावर काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावरच्या प्रतीमुळे.

ज्यांच्या घरी नॅस पेटी आहे, त्यांनी महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल परत उतरवून उघडून पाहावी, आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवावी.