मायबापांचे बोट आणि पालखीची वाट

देवाची पालखी निघाली की तिच्यामागून गाव निघते आणि गावाचे बोट धरून गावाची मुले निघतात. आपल्याकडे ही चाल फार जुनी आहे. तुकोबारायांचे वैकुंठगमन इ. स. १६५० मधले. त्यांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांचा जन्म त्यानंतरचा. म्हणजे पित्याचे दर्शन त्यांना घडलेच नाही. त्याच नारायण महाराजांनी इ. स. १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीस जाऊन माउलींच्या पादुका बरोबर घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. ज्या मुलास बापाचे बोट धरता आले नाही, त्याने बापाच्या पादुका मिरवीत नेल्या. पालखी सोहळ्याचा आरंभ असा एका पुत्राच्या हातून झालेला आहे.

वागळे इस्टेटमधील रहिवाशांना पालखी नवी नव्हती. पण ती येथली नव्हती. येथील वस्ती झाली ती कारखान्यांमुळे. पाचपाखाडीच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहिली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेचा समारंभ १ ऑगस्ट १९६२ रोजी येथेच झाला. मूळ ग्रामस्थांची शेते गेली. रायलादेवीचे नाव तलावाला राहिले. कामाच्या शोधात सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आणि कोकणातून माणसे आली. किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर या वस्त्या वाढल्या. ही मंडळी देव गावीच ठेवून आली होती. शिमगा आला की कोकणातला कामगार रजा टाकून ग्रामदेवतेची पालखी नाचवावयास जाई. घाटावरचा गावच्या जत्रेस जाई. रजा न मिळाली तर तिसरी पाळी करताना त्याचे चित्त तिकडेच असे.

मुलांचे मात्र निराळे होते. ती येथे जन्मली, येथल्या शाळेत शिकली. ‘तुझे गाव कोणते?’ असे कोणी विचारले तर वडिलांच्या गावाचे नाव सांगत, आणि त्या गावी त्यांचा मुक्काम मे महिन्याच्या सुटीपुरता. उत्तर खोटे नव्हते, अपुरे होते. पुढे १९८० नंतरच्या काळात एकेक कारखाना बंद पडू लागला, काही अन्यत्र गेले. ज्या भोंग्यावर घरातला स्वयंपाक व्हावयाचा तो भोंगाच थांबला. ज्यासाठी वडील येथे आले ते कामही राहिले नाही, तेव्हा मुलाने आपले म्हणावे असे येथे काय उरले, हा प्रश्न पुष्कळ घरांत होता.

अशा काळात शेजारच्या डोंबिवलीत एक गोष्ट घडली. तेथील श्री गणेश मंदिर १९२४ सालचे. त्याच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने १९९९ च्या गुढीपाडव्यास संस्थानाने नववर्ष स्वागतयात्रा काढली. कल्पना आबासाहेब पटवारी यांची. गणपतीची पालखी, लेझीम, चित्ररथ, पारंपरिक वेषातले आबालवृद्ध असे तिचे रूप होते. पाडव्यास घराघरांत गुढी उभारली जाई. त्या दिवशी सारे गाव मिळून रस्त्यावर आले. ही प्रथा पुढे ठाणे, मुंबईत गिरगाव आणि राज्यात इतरत्र पसरली.

ठाण्यात यात्रेला घर मिळाले ते मासुंदा तलावाकाठच्या श्री कौपिनेश्वराचे. देणगीदारांनी या देवळाचा इतिहास ध्यानी घ्यावा असा आहे. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी इ. स. १७६० मध्ये ते बांधविले आणि १८७९ मध्ये ठाणेकरांनी वर्गणी काढून त्याची दुरुस्ती व वाढ केली. सुभेदाराचे देऊळ तेव्हा खऱ्या अर्थाने लोकांचे झाले म्हणावयास हरकत नाही. पाडव्याच्या सकाळी कौपिनेश्वराची पालखी निघते आणि शहराच्या निरनिराळ्या भागांतून उपयात्राही निघतात.

यात्रेची तयारी घरापासून होते. फेटा बांधणारा बाप आणि ‘घट्ट झाला’ म्हणून कुरकुरणारा मुलगा, नऊवारीचा काष्टा नीट बसेना म्हणून तीनदा सोडून नेसविणारी आई, हे पाडव्याच्या पहाटेचे चित्र. लेझीम बहुतेक आयांना शाळेपासून येते; हात बसलेला असतो, फक्त चार दिवस संध्याकाळी सराव करावा लागतो. तो पाहून मुली शिकतात. लहानगे दोन चौक चालून दमते व बापाच्या खांद्यावर बसते. तेथून त्याला पालखी सर्वांत चांगली दिसते. कोणाच्या खांद्यावरचे मूल कोणत्या जिल्ह्याचे हे गर्दीत कळत नाही. ‘कुठून आलात?’ असे शेजारच्या वस्तीतल्या मंडळींनी विचारले की मूल आपल्या वस्तीचे नाव सांगते, आणि बापाने ते दुरुस्त करण्याचे कारण नसते.

अलीकडे ध्वनिवर्धकांचा गोंगाट वाढला आहे, हे येथे नोंदविणे भाग आहे. त्यात लेझमीचा ठेका हरवतो आणि तान्ही मुले दचकतात. कार्यकर्त्यांनी याचा विचार करावा.

२५ मार्च २०२० चा पाडवा कोणी विसरणार नाही. देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता. आदल्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि सकाळी रस्ते ओस पडले होते. गुढ्या खिडकीत उभ्या राहिल्या. २०२१ चा पाडवाही घरातच गेला. या दोन वर्षांत ज्यांच्या बोटाला धरून मुले चालत असत, त्यांतली काही माणसे गेली.

२ एप्रिल २०२२ रोजी पाडवा आला आणि त्याच दिवशी राज्यातील निर्बंध उठले. पालख्या पुन्हा निघाल्या. २०१९ साली खांद्यावर बसून आलेली मुले या वेळी पुढे चालत होती. त्यांचे फेटे नव्याने घ्यावे लागले. जुने धाकट्या भावंडांच्या डोक्यावर होते.