पाककृती कमी करा, गणितं वाढवा

आज तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या एका पुस्तिकेची गोष्ट सांगते. तिचं नाव ‘द लेडीज डायरी’. नावात डायरी असली तरी ती रोजनिशी नव्हती. आपल्या घरात खिळ्याला पंचांग अडकवलेलं असतं ना, त्या जातीची ती होती. वर्षातून एकदा निघायची. पहिला अंक १७०४ सालचा.

ती काढणारा जॉन टिपर हा कोव्हेन्ट्री गावातल्या बॅब्लेक शाळेचा मास्तर. तेव्हा तिथे ॲन राणीचं राज्य होतं, म्हणून मुखपृष्ठावर तिचंच चित्र छापलं. आत तारीख-वार, सणवार, आणि बायकांसाठी म्हणून पाककृती, घरगुती औषधं, गोष्टी. बायकांसाठी काही काढायचं म्हटलं की ताटात हेच वाढायचं, ही रीत तेव्हापासूनची आहे म्हणायची.

पुढे टिपरने अंकात पद्यातली कोडी घातली. आपल्या उखाण्यासारखीच. आपण आता उखाणा म्हटलं की नवऱ्याचं नाव घेतो, पण या शब्दाचा जुना अर्थ कोडं असाच आहे. कोडं या वर्षी छापायचं आणि उत्तर पुढच्या वर्षी. मधे अख्खं वर्ष डोकं खाजवायला. १७०७ पासून कोड्यांच्या जोडीला गणिताचे प्रश्नही आले, तेही पद्यात. ज्यांची उत्तरं बरोबर येतील त्यांची नावं छापायची, आणि बक्षीस काय, तर त्याच पुस्तिकेच्या काही प्रती!

मग वाचणाऱ्यांची पत्रं येऊ लागली. त्यांना कोडी आणि गणितं जास्त हवी होती, पाककृती नसल्या तरी चालणार होत्या. टिपरने ते ऐकलं. मला या गोष्टीत हेच सगळ्यात मोठं वाटतं. मास्तर माणूस, स्वतःला जास्त कळतं असं समजून गप्प बसला असता तरी कोण विचारणार होतं? पण दोन-तीन वर्षांतच पाककृती आणि गोष्टी मागे पडल्या आणि पुस्तिका कोडी-गणितांची झाली.

टिपर १७१३ साली वारला. त्यानंतर हेन्री बेटन संपादक झाला. तो जमीन मोजणारा, नकाशे काढणारा, यंत्रांचा जाणकार. कोळशाच्या खाणीत पाणी भरायचं, ते उपसायला तेव्हा वाफेचं इंजिन नवीनच आलं होतं. किती खोलीवरून किती पाणी काढायला केवढा पंप आणि केवढं सिलिंडर लागेल, याचं कोष्टक बेटनने तयार केलं आणि ते १७२१ च्या लेडीज डायरीत छापलं. बायकांच्या पंचांगात खाणीच्या पंपाचा हिशोब! आपल्याकडे विहिरीवर किती एचपीची मोटर बसवायची हे विचारायला आजही बाईला घरातल्या पुरुषाला पुढे करावं लागतं.

१७१८ च्या अंकात याच बेटनने अभिमानाने लिहिलं होतं, की भूमिती, बीजगणित, खगोल यांचे प्रश्न सोडवून पाठवणाऱ्या बायकांची चार-पाचशे पत्रं मी दाखवली, तर परदेशी लोक थक्क होतील. १७४३ मध्ये बेटन वारला. त्याच्यामागे पत्नी एलिझाबेथ हिने कारभार हाती ठेवला आणि गणिताच्या पानांसाठी रॉबर्ट हीथची मदत घेतली.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. पुष्कळ जण टोपणनावाने लिहायचे, काही पुरुषही बाईचं नाव घेऊन लिहायचे. त्यामुळे सोडवणाऱ्यांत नेमक्या बायका किती, हे मोजता येत नाही. आणि जसजसे प्रश्न अवघड होत गेले, तसतशी उत्तरांत बायकांची नावं कमी दिसू लागली. मला यात त्यांच्या बुद्धीचा काही दोष दिसत नाही. पुढचं गणित शिकायला कॉलेज लागतं, आणि तिथलं दार बंद होतं. केंब्रिज विद्यापीठाने बायकांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली ती १९४८ साली, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाल्यावर! त्यांनी अवघड मागितलं, तसं पुस्तिकेत आलंही, पण ते समजायला लागणारी शाळा काही मिळाली नाही.

गटाच्या मासिक बैठकीत सहयोगिनी म्हणून मी विचारते, रेडिओवर काय ऐकायला आवडेल? पहिलं उत्तर ठरलेलं, लोणचं नाहीतर पापड. मी थोडी थांबते. मग मागून कुणीतरी बोलतं. बोअरचं पाणी मचूळ का लागतं? हिमोग्लोबिन नऊ म्हणजे नऊ काय? शेकडा दोन व्याज महिन्याला, तर वर्षाचं चोवीस टक्के कसं होतं? हे प्रश्न आधीपासून असतातच, पण आपल्याला कोणी विचारेल असं वाटलेलं नसतं. लोणच्याला माझी ना नाही. पण मीठ घातल्यावर ते टिकतं का, हेही विचारा की.

लेडीज डायरी १८४१ पासून दुसऱ्या एका पुस्तिकेत मिसळली आणि ‘द लेडीज अँड जेंटलमेन्स डायरी’ झाली. तिच्या १८५० च्या अंकात थॉमस किर्कमन नावाच्या पाद्र्याने एक प्रश्न दिला, तो आज जगभरच्या गणितवाल्यांना माहीत आहे. शाळेतल्या १५ मुली रोज तिघी-तिघींच्या ओळी करून फिरायला जातात. सात दिवसांच्या ओळी अशा लावा, की कोणत्याही दोन मुली एका ओळीत दोनदा येणार नाहीत.

तुमच्या गटात १५ जणी असतील तर करून बघा. प्रत्येकीला बाकीच्या १४ जणी भेटायच्या आहेत, रोज दोघी भेटतात, म्हणजे सात दिवस बरोबर पुरतात. हिशोब जुळतो, पण ओळी लावताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी अडायला होतं. खडे, चिंचोके, काहीही घ्या, प्रत्येकीला एक नंबर द्या आणि अंगणात मांडा. जमलं तर सातही दिवसांच्या ओळी कागदावर लिहून पाठवा. उत्तर इथे पुढच्या महिन्यात सांगू, वर्षभर थांबवणार नाही.